प्रतिसाद: एमआरआय नॉर्मल म्हणजे स्ट्रोक नाहीच?

वर कुणीतरी लिहिलंय की काकांना कालपासून सतत गरगरतंय पण एमआरआय नॉर्मल आलाय, म्हणजे स्ट्रोक नाही. प्लीज एवढ्यावर निवांत होऊ नका, मेंदूच्या मागच्या भागातला छोटा स्ट्रोक पहिल्या एक-दोन दिवसांत एमआरआयमधेही सुटू शकतो. २००९ साली अमेरिकेत १०१ पेशंटवर झालेल्या अभ्यासात सुरुवातीच्या एमआरआयपेक्षा डोळ्यांच्या तपासणीनेच स्ट्रोक जास्त पकडले होते.

ही डोळ्यांची तपासणी अशी: इथे पुण्यात आमच्या ओपीडीत मी पेशंटला माझ्या नाकाकडे बघायला सांगते आणि डोकं दोन्ही हातांत धरून झटकन थोडंसं वळवते. नजर नाकावरून सुटून झटका मारून परत आली तर गडबड बहुधा कानाच्या नसेची, पण एवढं गरगरत असताना नजर नाकावरून हललीच नाही तर मला स्ट्रोकची जास्त भीती वाटते! उजवीकडे बघताना बुबुळं उजवीकडे फडफडतात अन् डावीकडे बघताना डावीकडे, किंवा आळीपाळीने डोळे झाकले की बुबुळ वरखाली सरकतं, हेही धोक्याचंच. फक्त कूस बदलली की मिनिटभर येणाऱ्या चक्करला हे लागू नाही, आणि मानेला झटके घरी देऊ नका. काकांना आजच न्यूरोलॉजिस्टकडे न्या, धड उभं राहता येत नसेल तर सरळ १०८ला फोन करा.