मदत हवी आहे: ३५ टक्के धरून कॉल करतो, तरी चिंचोके माझेच का संपतात?

नमस्कार मंडळी. आम्ही हर्णैचे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, नौका आंजर्ल्याच्या खाडीत शाकारून ठेवलेली, जाळ्यांची दुरुस्ती उरकलेली. मग रात्री जेवणं आटपली की आमच्या पडवीत पत्ते बसतात. एरवी मेंढीकोट, फार तर तीन पत्ती. यंदा आतेभाऊ जहाजावरून सुट्टीवर आलाय आणि त्याने सगळ्यांना टेक्सास होल्डेम पोकरचं वेड लावलंय. पैसे लावत नाही, चिंचोके लावतो. ज्याचे आधी संपतील त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कांदाभजी घालायची. गेल्या आठवड्यात चार वेळा बेसन मी आणलंय. दुकानदार विचारायला लागलाय, घरी कार्य आहे का म्हणून.

कालचा डाव सांगतो. माझ्या हातात बदामाचा एक्का आणि बदामाची नव्वी. फ्लॉपला, म्हणजे मधे सगळ्यांसाठी उघडलेल्या पहिल्या तीन पानांत, बदाम राजा, बदाम चौकी, इस्पिक सत्ती. म्हणजे कलरला (एकाच चिन्हाची पाच पानं) एकच पान कमी. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, ४० चिंचोके होते. बाकीचे पॅक झाले (पानं टाकून बाहेर), आतेभावाने २० लावले, मी कॉल केला, म्हणजे तेवढेच घालून डावात राहिलो. टर्नला, म्हणजे चौथं पान, किलवर दश्शी आली, कामाची नाही. पॉट ८०, त्याने ४० लावले. तोच शिकवतो की फ्लॉपनंतर असा कलर ३५ टक्के वेळा लागतो आणि पॉट ऑड्स, म्हणजे किती मिळवायला किती घालावे लागतात ते, बघून कॉल करायचा. १२० मिळवायला ४० घालायचे, म्हणजे मला ३३ टक्के हवेत, माझ्याकडे ३५ आहेत, असं म्हणून मी कॉल केला. रिव्हरला, म्हणजे पाचवं आणि शेवटचं पान, इस्पिकची दुर्री. मी पॅक. त्याने पानं दाखवलीच नाहीत.

माझं नशीब फुटकं की हिशेब? जाणकारांनी सांगावं. आणि कृपया "पत्ते सोडा" हा सल्ला नको, तो आई रोज देते.

गणितवाली_काकू:
हिशेब. तोही दोन ठिकाणी चुकलाय, एकदा तुमच्या तोट्याचा आणि एकदा फायद्याचा, म्हणून पटकन लक्षात येत नाही.

आधी किंमत. ४० भागिले १२० करायचं नाही. तुमचे ४० पण पॉटमध्येच जातात ना? मग पॉट १६० चा, त्यातले तुमचे ४०, म्हणजे २५ टक्के. पॉटच्या निम्मे लावले की समोरच्याला २५ टक्के लागतात, पॉटएवढेच लावले तर ३३, एक तृतीयांश लावले तर २०. एवढे तीन आकडे तोंडपाठ करा, पडवीत कॅल्क्युलेटर काढावा लागणार नाही.

आता खरी चूक. ३५ टक्के हा आकडा फ्लॉपनंतर दोन्ही पानं बघायला मिळणार असतील तेव्हाचा. टर्न होऊन गेली होती, एकच पान उरलं होतं. बदामाची १३ पानं, ४ दिसली, ९ शिल्लक. न दिसलेली पानं ४६. म्हणजे ९ भागिले ४६, साडेएकोणीस टक्के. हवे होते २५. पॅक व्हायला हवं होतं. फ्लॉपलासुद्धा ३५ तेव्हाच धरा, जेव्हा तो सगळे चिंचोके पुढे सरकवतो आणि पुढे आणखी काही मोजावं लागणार नसतं. नाहीतर टर्नला तो परत किंमत सांगणार, तशी त्याने सांगितलीच.

घाईत असाल तर कामाची पानं मोजा, एक पान यायचं असेल तर दुप्पट करा, दोन यायची असतील तर चौपट. ९ ची दुप्पट १८, चौपट ३६. जवळपास बरोबर येतं.

खाडीपलीकडचा:
काकूंचं बरोबर आहे, पण दादा, तुम्ही नौकावाले असून हे विचारताय? डिझेल, बर्फ, खलाशांचं जेवण घालून फेरी मारता तेव्हा काय करता? इथे खर्च असा होता की चार फेऱ्यांत एकदा जाळं भरलं तरच भागेल. भरणार होतं पाचांत एकदा.

एक मात्र विचारतो. ४० लावल्यावर आतेभावापुढे किती चिंचोके उरले होते? कलर लागल्यावर रिव्हरला त्याच्याकडून आणखी काढता येणार असतील तर तेही मोजायचे असतात. ४६ पैकी नवांनी लागतो, सदतिसांनी हुकतो, म्हणजे ४० च्या बदल्यात साधारण १६५ तरी मिळायला हवेत. पॉटमध्ये १२० दिसतात. वरचे ४५ त्याच्यापुढे होते का?

धागाकर्ता:
नव्हते. पंचवीसच उरले होते. मोजायला मोजावे लागत नाहीत, तो दहा-दहाचे ढीग लावून बसतो, जहाजाची शिस्त.

पण काकू, माझ्याकडे एक्का होता. त्याच्याकडे नुसती राजाची जोडी असेल तर उरलेले तीन एक्केही माझ्या कामाचे नाहीत का? ९ आणि ३, बारा. बारा भागिले ४६ म्हणजे २६ टक्के. मग कॉल बरोबर!

गणितवाली_काकू:
छान पकडलंत. "नुसती राजाची जोडी असेल तर" यातल्या "तर" वर सगळं आहे. त्याच्याकडे एक्का-राजा असेल तर तुमचा एक्का आल्यावर त्याच्या दोन जोड्या होतात. दोन जोड्या किंवा तीन सारखी पानं आधीच असतील तर एक्क्याचा उपयोग शून्य. फ्लॉपला लावून टर्नला परत निम्मा पॉट लावणाऱ्याकडे दर वेळी एकच जोडी असते असं धरू नका. तीन एक्क्यांचे मी फार तर एक पान धरेन. दहा भागिले ४६, पावणेबावीस. तरी पॅकच.

आज त्याला विचारा काय होतं ते.

धागाकर्ता:
विचारलं. आधी म्हणाला भजी खाऊ घाल मग सांगतो. खाऊ घातली. हातात सत्तीची जोडी होती, म्हणजे फ्लॉपलाच तीन सत्त्या. एक्के बाद.

खाडीपलीकडचा:
फक्त एक्के नाहीत, नऊ बदामांतलेही दोन बाद! बदाम सत्ती एकतर त्याच्याच हातात, नाहीतर आली असती तर त्याच्या चार सत्त्या. बदाम दश्शी आली असती तर तुमचा कलर झाला असता, पण त्याचं फुल हाउस (तीन सारखी आणि एक जोडी), ते कलरच्या वर. खरी पानं सातच होती.

धागाकर्ता:
बदाम दश्शी आली असती तर मी उरलेले सगळे चिंचोके लावले असते हो. आज रात्री परत बसतोय. बेसन अर्धा किलो शिल्लक आहे, बघू.