मांडूळ नाहीतर दुसरा एखादा मातीत राहणारा साप पाळायचाय, जाणकारांनी सल्ला द्यावा

वसमतचा बंटी
रामराम मंडळी. आमच्या शेजारच्या वावरात हळद काढताना मांडूळ निघालं, चांगलं दोन-अडीच फुटाचं, तांबूस रंगाचं, बाया आधी वरडल्या मग सगळेच बघायला गोळा झाले, पोरांनी त्याला थोडावेळ टोपल्यात ठेवलं आणि बांधावर सोडून दिलं. चावायचं तर सोडाच, डोकं वेटोळ्याखाली घालून शेपूट वर करून बसलं होतं गडी. तेव्हापासून डोक्यात किडा घुसलाय की असा साप पाळावा. यूट्यूबवर तर परदेशातले लोक काचेच्या पेटीत भुसा टाकून सँड बोआ पाळायलेत, लहान लेकरं हातात घेऊन बसायलेत.
तर मांडूळ परवानगी काढून पाळता येतं का, नसंल तर मातीत राहणारा दुसरा कोणता साप पाळता येईल, पेटी केवढी लागते, खायला काय. उंदरांचा तर आमच्याकडं तोटा नाई. घर पत्र्याचं हाय, लाईट जाती-येती. आई नको म्हणायली पण ते बघून घेऊ.

बालाघाटी
बंटी भाऊ, मांडळाचं उत्तर एका शब्दात, नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली आपल्याकडचे साप संरक्षित आहेत आणि घरी हौस म्हणून ठेवायला परवानगी असा प्रकारच नाही. लोकांना वाटतं मारला तरच गुन्हा, पण कायद्यात पकडणंसुद्धा शिकारीतच धरलंय, म्हणजे पेटीत बंद करून ठेवलात तरी तुम्ही शिकारीच. कैद आहे, दंड आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंडाची रक्कम आणखी वाढलीय. डुरक्या घोणस, वाळा, धामण, सगळ्यांना हेच लागू. आम्ही अंबाजोगाई भागात साप पकडतो तेसुद्धा वनखात्याला कळवून आणि लगेच सोडायला.
पोरांनी सोडून दिलं ते एकदम बेस्ट केलं. आणि ते शेपूट वर करणं म्हणजे त्याची ट्रिक आहे, शेपूट आखूड आणि बोथट असल्यानं समोरच्याला तेच डोकं वाटतं, घाव शेपटीवर जातो आणि डोकं वाचतं. दुतोंड्या नाव त्यावरूनच पडलं. गारुडी लोक तर शेपटीला डागून डोळ्यासारख्या खुणा करायचे, म्हणजे बघणाऱ्याची खात्रीच पटायची.

सौदा पक्का
किती किलोचं होतं? दोन किलोच्या वर असंल तर डीएम करा, पार्टी तयार हाय. कोणत्या बांधावर सोडलं तेवढं सांगा.

बालाघाटी
आला बघा. अ‍ॅडमिन, याला काढा आधी.
बंटी, गावाचं नाव, बांधाचं ठिकाण काहीही इथं टाकू नको. मांडळानं गुप्तधन सापडतं, पैशाचा पाऊस पडतो, करोडोला जातं, ही सगळी थापेबाजी आहे, त्यापायी हे बिचारे साप गोणीत भरून फिरवतात, वजन वाढावं म्हणून जबरदस्तीनं कोंबून खायला घालतात. आणि ती "पार्टी" कधीच येत नसते. आधी टोकन मागतात मग तपासणीचे पैसे मग गाडीभाडं, शेवटी एकतर पैसे बुडतात नाहीतर गिऱ्हाईक म्हणून साध्या कपड्यातला पोलीस उभा राहतो. पेपर काढून बघा, दर थोड्या दिवसांनी कुठल्यातरी जिल्ह्यातली बातमी असतेच.

निळा ट्रॅक्टर
करोडोचा साप असता तर आमच्या धुऱ्यावरच्या मांडळानं आतापर्यंत आमचं पीककर्ज फेडलं असतं की ओ 😂

पिंजरेवाला
आता बंटीच्या दुसऱ्या प्रश्नाकडं येतो, मी सध्या पुण्यात असतो पण मूळचा जालन्याचा. यूट्यूबवर जो बघितलास तो बहुतेक केनियन सँड बोआ, आपल्या मांडळाचाच आफ्रिकेतला भाऊबंद, इजिप्तपासून टांझानियापर्यंत सापडतो, केशरी अंगावर काळे-तपकिरी पट्टे. परदेशात पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात वाढवलेला असल्यानं पाळणाऱ्यांचा आवडता. मादी दोन-अडीच फुटाची होते, नर दीड फुटाच्या आतच राहतो. अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतो, मांडळासारखंच. नीट ठेवला तर पंधरा-वीस वर्षं जगतो, हे नीट वाच, पंधरा-वीस वर्षं, म्हणजे तुझं लग्न होईल, लेकरं शाळेत जातील आणि हा तिथंच.
पेटी अडीच फूट बाय एक फूट एका मादीला भरपूर, झाकण घट्ट पाहिजे कारण डोक्यानं ढुशी मारून उचलतो. एका पेटीत एकच साप. खाली तीन-चार इंच ॲस्पेन लाकडाचा भुसा, देवदार किंवा पाईनचा अजिबात नको, त्यातल्या तेलाचा सापाला त्रास होतो. एका बाजूला खालून हीटिंग मॅट, थर्मोस्टॅट लावूनच, गरम बाजू ३२ ते ३५ अंश आणि गार बाजू २५ च्या आसपास, सापाला ज्या बाजूला जायचं तिकडं तो भुशातून सरकत जातो. पाण्याची छोटी वाटी, हवा कोरडी. खायला फ्रीझ केलेला उंदीर पाण्यात कोमट करून, सापाच्या जाडीएवढाच, पिल्लाला आठवड्यातून एकदा आणि मोठ्याला दहा-पंधरा दिवसांनी. जिवंत उंदीर नको, कोपऱ्यात अडकलेला उंदीर सापालाच कुरतडतो.
आणि खरं सांगू का, हा साप दिसतच नाही. दिवसभर भुशात, रात्री जरा नाकाचं टोक आणि दोन बारीक डोळे वर. पाहुण्यांना दाखवायला जाशील तर भुशाचा डबा दाखवावा लागतो. ज्याला ते चालतं त्यानंच हा पाळावा.
आता कागद. सँड बोआ सगळे साईट्स या आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापार कराराच्या यादीत येतात आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर ती यादी आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आलीय. फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम निघाले, त्याप्रमाणं असा प्राणी ताब्यात आला की ३० दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची, पिल्लं झाली तर कळवायचं, दुसऱ्याला दिला तर कळवायचं, मेला तरी कळवायचं. २०२० साली विदेशी प्राण्यांची आपणहून माहिती द्यायची जी सवलत होती ती कधीच संपली. त्यामुळं "अरे काही होत नाही, सगळेच ठेवतात" असं कुणी म्हणालं तर तिथून उठायचं.

जनावरांचा डॉक्टर
पिंजरेवाल्यांनी चांगलं लिहिलंय, पण ते पुण्याच्या फ्लॅटमधून लिहितायत. मी परभणीकडचा आहे, जरा आपल्या बाजूचं सांगतो.
पत्र्याचं घर आणि मे महिना. बाहेर ४२-४३ असतं तेव्हा पत्र्याखाली काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. सापाचं अंग बाहेरच्या उष्णतेवर चालतं, त्याला गरम बाजू जेवढी लागते तेवढीच गार बाजूही लागते आणि पेटीत सगळीकडंच ३८-४० झालं तर त्यानं जायचं कुठं? जमिनीतलं मांडूळ खाली खाली सरकून गारवा शोधतं, तुमच्या चार इंच भुशाला खाली काचच आहे. तिकडं डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडचा पारा १० च्या खाली जातो, त्याच रात्री लाईट गेली की मॅट बंद. थंड पडलेल्या सापाच्या पोटात उंदीर पचत नाही, कुजतो, मग साप तो ओकतो, आणि तिथून त्याची तब्येत उतरायला लागते. म्हणजे इन्व्हर्टर आला, कूलरची किंवा मातीच्या भिंतीची खोली आली.
काहीजण विचारतात की आपली काळी माती टाकली तर? नाही. काळी माती ओली झाली की चिकटते आणि वाळली की ढेकूळ होते, मांडूळसुद्धा भुसभुशीत जागा, नदीकाठची वाळू, मुरमाड माळ, उंदराचं बीळ असलंच बघतं.
आणि बंटीराव, वावरातले उंदीर चुकूनही नका घालू. एकतर त्यांच्या पोटात जंत, दुसरं म्हणजे झिंक फॉस्फाईड नाहीतर ब्रोमाडिओलोन असलं उंदीरमार औषध खाऊन हिंडणारा उंदीर सापाच्या पोटात गेला तर सापही जातो. उंदीर विकत आणून घरच्या फ्रीजरमध्ये ठेवावे लागतात. आईसाहेबांशी खरी चर्चा या मुद्द्यावर करा 🙂
सापाच्या तोंडाला सूज, नाकातून फेस, अंगावर गोचिडासारखे बारीक किडे, हे आजार नेहमीचे, आणि ते बघणारा माणूस आपल्या भागात लवकर सापडत नाही. मी म्हशी-शेळ्यांचा डॉक्टर आहे, साप घेऊन कुणी आलं तर मी पण फोनच फिरवतो.

वसमतचा बंटी
बापरे. बरं झालं विचारलं. मग तो सनबीम स्नेक कसा राहील? काळा-तपकिरी असतो, उजेडात इंद्रधनुष्यासारखा चमकतो, तोपण मातीतच राहतो म्हणे.

पिंजरेवाला
दिसायला नंबर एक, मान्य, पण तुझ्याकडं तर बिलकुल नको. तो आग्नेय आशियातला, भाताच्या खाचरात, ओल्या पालापाचोळ्यात राहणारा, कायम ओलसर माती लागते. मराठवाड्यातल्या उन्हाळी वाऱ्यात ती ओल तू टिकवणार कशी? शिवाय व्यापारात येणारे बरेचसे जंगलातून धरलेले असतात, प्रवासात अर्धमेले झालेले, हात लावला की घाबरून घाण वास सोडतात आणि खाणं बंद करतात. चांगले अनुभवी लोकसुद्धा यात हरतात.

लातूरची मावशी
मी सापाची जाणकार नाही, बागेची आहे. पण तुम्हाला मातीतला साप बघायचाच आहे तर कुंडी उपटून बघा की! माझ्या मोगऱ्याच्या कुंडीत वाळा निघतो दर पावसाळ्यात, गांडुळासारखा बारीक, काळा चकचकीत. आधी मी मीठ टाकायला निघाले होते, पण आमच्या पुतणीनं झूलॉजी केलंय तिनं अडवलं. ती म्हणाली या वाळ्यात सगळ्या माद्याच असतात, नर लागतच नाही, एकटी मादी अंडी घालते आणि त्यातून परत माद्याच. कुंड्यांच्या मातीतून जगभर पसरलाय म्हणे. खातो काय तर मुंग्यांची आणि वाळवीची अंडी, अळ्या. विष नाही, तोंड एवढंसं की चावायचं म्हटलं तरी जमणार नाही. कानात जातो वगैरे आपल्या आज्यांच्या गोष्टी. मी आता कुंडी बदलताना त्याला परत मातीत सोडते, राहा बाबा.

बालाघाटी
मावशी एक नंबर. फक्त बाटलीत भरून ठेवू नका, कायदा त्यालाही आहेच, कुंडीत आपला आपण राहतो तोवर राहू द्या.

वसमतचा बंटी
मावशी, कुंड्या आमच्याकडं नाहीत पण शेणखताच्या खड्ड्यात असलं काहीतरी बघितलंय, आता नीट बघतो.
अजून एक, आमचा एक दोस्त म्हणतो मांडूळ कशाला, डुरक्या धर, तो पण मातीतलाच आणि त्याला कोण विचारत नाही. तो स्वतः बिनधास्त हातानं उचलतो.

बालाघाटी
त्या दोस्ताला हे आजच वाचून दाखव. डुरक्या घोणस बिनविषारी आहे पण तो दिसतो खऱ्या घोणशीसारखा, आणि आपल्या शिवारात घोणस भरपूर. घाईत, अंधारात, टॉर्चच्या उजेडात फरक कळत नाही. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, डोकं चपटं त्रिकोणी आणि मान वेगळी दिसते, डिवचलं की कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार. डुरक्याचे डाग वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले, मान जवळपास नाहीच, शेपूट एकदम आखूड आणि खरखरीत. पण हे सगळं लांबून बघायला. उचलून खात्री करायची गोष्ट नाही ही.
घोणस चावली तर मांत्रिक नको, दोरी आवळून बांधणं नको, ब्लेड मारणं नको, पाय हलू न देता सरळ सरकारी दवाखाना, तिथं प्रतिसर्पविष मिळतं. घोणशीच्या विषानं रक्त गोठायची क्रिया बिघडते आणि किडनीवर जातं, त्यामुळं "जरा वेळ बघू" यातच माणूस जातो.

निळा ट्रॅक्टर
माझं शेतकऱ्याचं मत सांगू का. पाळायचंच तर वावरात पाळा ना. आम्ही दोन्ही धुऱ्यावर वीतभर जागा नांगरत नाही, दगडाचा ढीग तसाच ठेवलाय, उसाचं पाचट पेटवणं बंद करून सरीत कुजवतो, पेटवलं की त्यातलं सगळंच भाजून निघतं, साप, बेडूक, गोगलगायी. उंदराचं औषधपण टाकत नाही बांधाकडच्या बाजूला. मांडूळ, धामण दोन्ही दिसतात. रोटाव्हेटर मारायच्या आधी कडेनं एक चक्कर मारायची, निघालंच तर फावड्यानं बाजूला सारायचं. उंदीर संपत नाहीत पण हरभऱ्यात पहिल्यासारखी लूट नाई राहिली. खर्च शून्य, परवाना शून्य, फ्रीजरमध्ये उंदीर नाई.

जनावरांचा डॉक्टर
हे सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ. ज्यांना जवळून बघायचंय त्यांनी पुण्याच्या कात्रजला सर्पोद्यान बघून यावं, लेकरांना घेऊन जा.

वसमतचा बंटी
मांडळाचा विषय सोडला. पत्र्याच्या खोलीत केनियनही नको, एवढं तर कळालं. पण खालची मातीची खोली रिकामी हाय, पावसाळ्यानंतर इन्व्हर्टर घेणारच आहोत, तेव्हा परत विचार करीन. पिंजरेवाले दादा, तेव्हा कुणाकडून घ्यायचा ते डीएमला सांगाल का?
आणि वावरात परत साप निघाला अन् सोडता नाही आला तर कुणाला फोन करायचा?

बालाघाटी
वनखात्याचा १९२६, हॅलो फॉरेस्ट. ते जवळच्या माणसाला कळवतात. तोवर टोपलं पालथं घालून ठेव, वर दगड, आणि सावलीत. फोटो काढून स्टेटसला टाकू नको, सौदा पक्कासारखे टपलेलेच असतात.

पिंजरेवाला
डीएमला नाही, इथंच लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही उपयोग. मी कुणाचं नाव सुचवणार नाही. विकणारा कुणीही असो, पहिल्यांदा त्याच्याकडच्या नोंदणीची प्रत माग, प्राणी तुझ्या नावावर कसा करणार ते लिहून माग, आणि साप तुझ्यासमोर उंदीर खाऊन दाखवू दे. तिन्हीतलं एक जरी "नंतर बघू" म्हणाला तर पैसे खिशातच ठेव. आणि एकदा घेतला की कंटाळा आला म्हणून वावरात सोडायचा नाही, तो आफ्रिकेचा आहे, वसमतचा नाही.