मदत हवी आहे: ८ पासून निघालो, परत ८ वर येता येत नाही

नमस्कार मंडळी,

चार रात्री एका क्रमिकेत अडकलोय. नियम सोपा आहे. सम संख्येची दीडपट घ्यायची, विषम संख्येची पाऊणपट घ्यायची आणि अपूर्णांक आला तर जवळची पूर्ण संख्या धरायची. ०, १, २, ३... अशा प्रत्येक संख्येला क्रमाने नियम लावला की उत्तरं ०, १, ३, २, ६, ४, ९, ५, १२, ७, १५, ८... असं येतं. सगळ्या पूर्ण संख्या येतात, फक्त जागा बदलून.

एकही सुटत नाही आणि दोनदा येत नाही, हे मला पटलंय. क ही कोणतीही पूर्ण संख्या धरली तर २क चे ३क, ४क+१ चे ३क+१, ४क−१ चे ३क−१. म्हणजे उत्तराला ३ ने भागून बाकी पाहिली की मूळ संख्या कळते.

पुढे चक्रं शोधायला घेतली, म्हणजे उत्तराला तोच नियम पुन्हा पुन्हा लावत सुरुवातीच्या संख्येवर परत येतो का ते पाहायचं. २ आणि ३ एकमेकांत फिरतात. ४, ६, ९, ७, ५, परत ४. ४४ बारा पायऱ्यांत घरी येतो (वाटेत १११ पर्यंत चढून!). पण ८? १२, १८, २७, २०, ३०, ४५, ३४, ५१... येतच नाही.

खरी अडचण पुढेच. पायथॉन या संगणकभाषेत कोड लिहून २००० पायऱ्या पुढे गेलो आणि उलट्या नियमाने तितक्याच मागे आलो, तर ८ ऐवजी भलतीच संख्या. २०० पायऱ्यांना मात्र बरोबर येतं. माझी सिद्धता चुकली का?

प्रतिसाद १
सिद्धता ठीक आहे, कोड बघा. round(3*n/4) लिहिलंय ना? तो भागाकार फ्लोटमध्ये (मर्यादित अचूकतेच्या दशांश संख्येत) होतो, आणि ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे फ्लोटला प्रत्येक पूर्ण संख्या नेमकी धरता येत नाही. (3*n+1)//4 करा, समसाठी 3*n//2 (// म्हणजे फक्त पूर्णांकांत होणारा भागाकार). उलट्या बाजूलाही // च.

प्रतिसाद २
८ ची वाट पाहू नका. जर्मन गणितज्ञ लोथार कोलाट्झने १९३२ मध्ये वहीत हाच प्रश्न उलट्या दिशेने मांडला होता आणि तो अजून सुटलेला नाही. अंदाज मात्र बांधता येतो. सम-विषम सारख्याच वेळा आले तर दर दोन पायऱ्यांना दीड गुणिले पाऊण, म्हणजे ९/८ पट. मागे जाताना ३ च्या पटीची दोन तृतीयांश आणि बाकीच्यांची चार तृतीयांश होते, तीन पायऱ्यांत ३२/२७ पट. दोन्हीकडे वाढच. सिद्धता नव्हे ही, पण ८ दोन्ही दिशांना पळत असावा असं मला वाटतं.

मूळ लेखक
// ने काम झालं, २००० मागे आलो आणि बरोबर ८! मग तिथून आणखी मागे गेलो: ११, १५, १०, १३, १७, २३, ३१, ४१, ५५, ७३... तिकडेही चढणच. आता हाच कोड १४ ला लावलाय.