मालिकेतली सावळी नायिका खरोखरची सावळी का नसते?

कृष्णाकाठ

कराडजवळच्या गावात राहते, प्राथमिक शाळेत शिकवते. इथे पहिल्यांदाच लिहितेय.

आमच्याकडे संध्याकाळी टीव्ही सासूबाईंचा. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. वही घेऊन आजीला चिकटून बसते. एका मालिकेतली नायिका सावळी होती. (नाव घेत नाही, अशा मालिका एकापेक्षा जास्त होऊन गेल्या.) रंगावरून घरातले तिला टाकून बोलतात आणि ती सगळ्यांना पुरून उरते, अशी गोष्ट. माझी लेक माझ्यावर गेलीय, सावळी. "ही माझ्यासारखी आहे," असं अख्ख्या वर्गाला सांगून आली होती.

गेल्या रविवारी पुरस्कार सोहळा लागला. तीच नटी स्टेजवर आली, गोरीपान. पोर जरा वेळ गप्प झाली. मग म्हणाली, "आई, तिचा रंग निघतो. माझा कधी निघणार?"

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी अंघोळीला गेली ती बाहेरच येईना. दार ढकललं, तर वज्रीने कोपर घासत बसली होती. टाचा घासायची वज्री. सालटं निघून कोपर लालभडक झालेलं. खोबरेल लावताना माझेच हात थरथरत होते.

"उन्हात खेळू नकोस, आधीच रंग असा," हे ऐकतच मी मोठी झाले. माझ्या लेकीच्या वाट्याला ते येऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं, आणि ते आलं कुठून, तर तिच्या आवडत्या मालिकेतून. महाराष्ट्र सावळ्या मुलींनी भरलेला असताना त्यातली एक नायिका म्हणून का मिळत नाही? आणि नऊ वर्षांच्या मुलीला मी नेमकं काय सांगू?

रंगपेटी

ताई, वाचून पोटात कालवलं. मी सात वर्षं मालिकांच्या सेटवर मेकअपदादांच्या हाताखाली काम केलंय. अशी एक नायिका रोज माझ्यासमोर खुर्चीत बसायची. सातची शिफ्ट असली की तिला साडेपाचला बसवायचो. तिच्या कातडीपेक्षा तीन-चार छटा गडद बेस. चेहरा पटकन होतो. वेळ खातात ते मान, कानाच्या पाळ्या, ब्लाउजचा मागचा गळा आणि हात, अगदी बोटांच्या पेरांपर्यंत. नखाच्या कडेला जरा राहिलं, तर क्लोजअपमध्ये मंगळसूत्र धरलेला हात दुसऱ्याच बाईचा वाटतो. घाम आला की बेस फुटतो, काखा तपकिरी होतात. म्हणून एकेका साडीवर तीन-तीन ब्लाउज शिवलेले असायचे. कालच्या सीनशी छटा जुळावी म्हणून फोनमध्ये फोटो ठेवायचो.

एवढा खटाटोप कशासाठी? ऑडिशनला सावळ्या मुली येतात, मी पाहिल्यात, उत्तम काम करणाऱ्या. पण मुख्य भूमिकेला ओळखीचा चेहरा हवा असतो, आणि तो ओळखीचा झालेला असतो आधीच्या मालिकेत गोरी म्हणून घेतल्यामुळे. मग सावळ्या मुलीची ओळख व्हायची कधी? तिला मिळते मोलकरीण, नाहीतर गावाकडची चुलतबहीण. सावळ्या चेहऱ्याला लाइटिंगला वेळ लागतो असंही सांगतात. मला हे पटत नाही. काम येणारा कॅमेरामन बाजूने मऊ लाइट देतो, गालावरची चमक पकडतो, आणि तो चेहरा असा उठून येतो की बघत राहावं. पण रोजचा एपिसोड काढायचा असतो. गोऱ्या चेहऱ्यांसाठी एकदा लावलेला लाइट कुणी हलवत नाही.

मुलीला नुसतं सांगू नका, दाखवा. मेकअपच्या दुकानात गडद पॅनस्टिक, म्हणजे बेसची कांडी मिळते. ती तुमच्या हातावर लावा आणि तेलाच्या कापसाने तिच्यासमोर पुसा.

सिंहगडाचा मनोरा

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुढे सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे ते आम्हाला पुण्यात दिसायला लागलं. त्या काळात मराठी बातम्या द्यायला स्मिता पाटील बसायची. सावळी, मोठं कपाळ, थेट तुमच्याकडे बघणारे डोळे. माझी आई हातातलं काम टाकून तिच्या बातम्या ऐकायची. टीव्ही कृष्णधवल होता, रंगीत आला १९८२ ला, पण म्हणून तिचा सावळेपणा लपत नव्हता आणि तो लपवावा असं कुणाला वाटतही नव्हतं. मुलीला तिचे फोटो दाखवा.

मधुमालती

मला मालिकेची बाजूही मांडायची आहे. मी डोंबिवलीत वधूवर मंडळाचं काम बघते. आमच्या फॉर्मवर 'वर्ण' असा रकाना आहे: गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. अमेरिकेत पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा जीव गेल्यावर जून २०२० मध्ये उत्तर अमेरिकेतल्या भारतीय बायकांनी आवाज उठवला आणि शादी डॉट कॉमने रंगाचा फिल्टर काढला. पुढच्याच महिन्यात 'फेअर अँड लव्हली'चं नाव 'ग्लो अँड लव्हली' झालं. तेव्हा मी कमिटीपुढे रकाना काढायचा विषय ठेवला. कुणी ऐकलं नाही. पण मालिकांमधून हा विषय घरोघर गेल्यावर मुलींनीच तो रकाना कोरा सोडायला सुरुवात केली. एक तर म्हणाली, "काकू, हे विचारायचं नसतं." नटीने रंग फासलेला होता हे मलाही खटकतं, तरी एवढं काम त्या मालिकांनी केलं.

पाटबंधारे

मोठ्या पदावर गेलं तरी सुटका नाही. मार्च २०२५ मध्ये केरळच्या मुख्य सचिव शारदा मुरलीधरन यांनी स्वतःच्या रंगावरून ऐकाव्या लागलेल्या शेऱ्याबद्दल उघडपणे लिहिलं होतं. त्यांच्या आधी त्या पदावर त्यांचे पती होते, आणि दोघांच्या कारभाराची तुलना कुणीतरी काळा-पांढरा अशी केली होती. राज्याची सर्वात मोठी अधिकारी, आणि मोजमाप कातडीचं. ताई, तुमची मुलगी शहाणी आहे. तिने निदान तोंडाने विचारलं.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मधुमालतीताई, तुमचं पटलं, पण माझ्या मुलीला मालिकेतला मुद्दा दिसला नाही, माणूस दिसलं. तेच खोटं निघालं.

काल कराडहून पॅनस्टिक आणली. माझ्या हातावर लावली, पुसली, कापूस तपकिरी झाला. मग तिच्या हातावर दुसरा कापूस फिरवला. पांढरा तो पांढराच. तिने तो उजेडात धरून नीट पाहिला. म्हणाली, "म्हणजे माझा पक्का आहे." मग माझ्या दुसऱ्या हातावर फिरवून पाहिला, मग बाबांच्या. आता आजीचा हात तपासायचाय म्हणून कापूस घेऊन देवघराच्या दारात बसलीय. सासूबाईंची पूजा अजून चालू आहे.