वारसा, कारकीर्द आणि पंचेचाळीस दिवसांचे उपाध्यक्षपद

विल्यम रूफस किंग हे अमेरिकेचे तेरावे उपाध्यक्ष. त्यांची मुदत ४ मार्च १८५३ रोजी सुरू झाली आणि १८ एप्रिल १८५३ रोजी क्षयाने त्यांचे निधन झाले. कोशातील नोंदीत या पंचेचाळीस दिवसांचे मोल करताना मराठीत ‘किंग यांचा वारसा’ म्हणावे, ‘किंग यांची कारकीर्द’ म्हणावे, की त्यांना ‘औटघटकेचे उपाध्यक्ष’ म्हणावे, असा प्रश्न आहे. हे तिन्ही प्रयोग एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. परंतु त्यांतून माणसाविषयी तीन निरनिराळे निवाडे दिले जातात, आणि किंग यांच्या बाबतीत तर त्यांतला फरक अगदी ठळकपणे दिसतो.

‘औटघटका’ आधी बाजूला काढू. औट म्हणजे साडेतीन. माणसाच्या देहाला जुन्या मराठीत ‘औट हात’ म्हटले जाई, तेच हे औट. घटका चोवीस मिनिटांची धरली तर औटघटका चौऱ्याऐंशी मिनिटांची होते. अर्थ अल्पकाळाचाच असला तरी ‘औटघटकेचे राज्य’ म्हणताना आपण केवळ काळ मोजत नाही. नशिबाने मिळालेले आणि मिळवणाऱ्याच्या अंगी न लागलेले पद, अशी हेटाळणीही त्यात असते. किंग यांना ती लागू पडत नाही. १८१९ मध्ये अलाबामा राज्य अस्तित्वात आले तेव्हा त्या राज्याच्या पहिल्या दोन सिनेटरांपैकी ते एक होते. १८४४ पर्यंत ते सिनेटमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, राहिले, पुढे दोन वर्षे फ्रान्समध्ये अमेरिकेचे राजदूत होते, आणि १८४८ ते १८५२ या काळात पुन्हा सिनेटमध्ये होते. जुलै १८५० मध्ये अध्यक्ष झॅकरी टेलर वारले व उपाध्यक्ष मिलर्ड फिलमोर अध्यक्ष झाले, तेव्हा उपाध्यक्षपद रिकामे पडले. त्यानंतर सिनेटचे हंगामी अध्यक्ष म्हणून सुमारे अडीच वर्षे सभागृहाचे कामकाज किंग यांनीच चालवले. म्हणजे उपाध्यक्षाचे नेहमीचे मुख्य काम त्यांनी ते पद नसताना केले आणि पद मिळाल्यावर एक दिवसही केले नाही. अशा माणसाला ‘अल्पकालीन उपाध्यक्ष’ म्हणणे पुरेसे आहे.

‘उपाध्यक्ष’ या शब्दाविषयी थोडेसे. ‘उपराष्ट्रपती’ हा आपल्या राज्यघटनेच्या मराठी पाठातील शब्द असून तो भारतापुरता ठेवावा. दोन्ही देशांत या पदावरील व्यक्ती वरिष्ठ सभागृहाचे अध्यक्षस्थान सांभाळते हे खरे. पण राष्ट्रपतिपद रिकामे झाले तर आपले उपराष्ट्रपती नवी निवड होईपर्यंतच काम पाहतात, तर अमेरिकेचे उपाध्यक्ष उरलेल्या संपूर्ण मुदतीसाठी अध्यक्ष होतात.

आता ‘कारकीर्द’. हा शब्द पदाला आणि काळाला बांधलेला आहे. कारकीर्द सुरू होते, गाजते, संपते, आणि ती ज्याची असते त्याच्याच कृतींनी भरलेली असते. ‘किंग यांची उपाध्यक्षपदाची कारकीर्द’ असे लिहिले की वाचक साहजिकच विचारील, त्यांनी त्या काळात काय केले? उत्तर फार थोडे आहे. प्रकृतीसाठी ते क्यूबाला गेले होते. वॉशिंग्टनला परतणे शक्य नसल्याने त्यांना परदेशात शपथ घेता यावी म्हणून काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, खास कायदा केला, आणि २४ मार्च रोजी मातान्झास गावाजवळ, आधाराशिवाय उभेही राहवत नसताना, त्यांनी शपथ घेतली. १७ एप्रिलला ते अलाबामातील आपल्या मळ्यावर पोचले आणि दुसऱ्या दिवशी गेले. परदेशी भूमीवर शपथ घेणारे ते एकमेव उपाध्यक्ष, अशी नोंद सगळीकडे सापडते. पण त्यानंतर त्या वाटेने कोणी गेले नाही, म्हणून या घटनेला ‘पायंडा’ म्हणू नये. तो अपवाद होय. पायंडा पाडला तो जॉन टायलर यांनी. तेही अवघे एकतीस दिवस उपाध्यक्ष होते. परंतु १८४१ मध्ये अध्यक्ष हॅरिसन वारल्यावर आपण हंगामी नव्हे तर पूर्ण अध्यक्ष आहोत हा आग्रह त्यांनी तडीस नेला, आणि १९६७ च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीने त्यावर शिक्कामोर्तब केले. दिवस कमी भरले म्हणून मागे काही उरत नाही, हा समज टायलर यांच्या एका उदाहरणाने खोडून निघतो.

काही लेखक असे सुचवतात की किंग जगले असते तर पुढचा इतिहास निराळा झाला असता. मला ते पटत नाही. किंग मवाळ होते, दक्षिणेकडील राज्यांनी अमेरिकेतून फुटून निघण्याच्या विरोधात होते आणि गुलामगिरीच्या वादावरील १८५० च्या तडजोडीच्या बाजूचे होते, हे मान्य. पण सिनेटमध्ये उपाध्यक्षाला मत असते ते समसमान मते पडली तरच. ज्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने १८५४ मध्ये गुलामगिरीचा वाद पुन्हा भडकला, तो सिनेटमध्ये ३७ विरुद्ध १४ मतांनी संमत झाला. तिथे किंग यांच्या मताचा प्रश्नच आला नसता.

‘वारसा’ या शब्दाचे व्याकरण वेगळे आहे, आणि माझ्या दृष्टीने या चर्चेचे मर्म तेथे आहे. कारकीर्द गाजवतो तो पदाधिकारी. वारसा सांगतो, चालवतो किंवा नाकारतो तो मागे राहिलेला. त्यातच ‘समृद्ध वारसा’, ‘वारसास्थळ’ अशा प्रयोगांमुळे या शब्दाला आज गौरवाचा रंग चढला आहे, आणि त्यामुळे तो निवाड्याच्या वाक्यात वापरला की निवाडा आधीच झाल्यासारखा वाटतो. किंग यांचा मळा गुलामांच्या श्रमावर चालत होता आणि त्यांचे कुटुंब अलाबामातील मोठ्या गुलाममालकांपैकी होते. हेही त्यांनी मागे ठेवले. ‘किंग यांचा वारसा’ एवढेच लिहून थांबणाऱ्याला हे सांगायचे असेल, तर ते वेगळ्या वाक्यात स्पष्टपणे सांगावे लागेल.

वारसा नाकारला जाण्याचे उदाहरणही याच नावाभोवती घडले आहे. सिएटल शहर ज्या परगण्यात आहे, त्याला १८५२ मध्ये नवनिर्वाचित उपाध्यक्ष किंग यांचे नाव दिले गेले. १९८६ मध्ये परगण्याच्या परिषदेने ठरवले की हे नाव यापुढे मार्टिन ल्यूथर किंग यांचे समजावे, आणि २००५ मध्ये वॉशिंग्टन राज्याने तसा कायदा केला. नावातले एक अक्षर बदलले नाही. बदलला तो ते नाव कोणाचे म्हणून सांगायचे याचा निर्णय, आणि तो निर्णय पूर्णपणे वारसांचा होता. अलाबामातील सेल्मा गावाचे एक संस्थापक विल्यम किंग. त्या गावाचे नावही त्यांनीच सुचवलेले. आज ‘सेल्मा’ म्हटले की ७ मार्च १९६५ रोजी तेथील पुलावर मार खाणारे, मतदानाचा हक्क मागणारे कृष्णवर्णीय मोर्चेकरी आठवतात. त्या मोर्चाचा वारसा जग सांगते. गाव वसवणाऱ्याचे नाव थोड्यांनाच ठाऊक असते.

तेव्हा कोशातील नोंदीसाठी मी असे वाक्य सुचवीन: ‘सिनेटमधील दीर्घ कारकिर्दीनंतर किंग पंचेचाळीस दिवस उपाध्यक्ष होते, या पदावर त्यांच्या हातून कोणतेही कामकाज झाले नाही, आणि त्यांच्या मृत्यूनंतर हे पद मार्च १८५७ पर्यंत रिकामे राहिले.’ त्यांच्या गुलाममालकीची नोंद याच परिच्छेदात यावी, तळटीपेत नव्हे. आणि ‘वारसा’ हा शब्द परगण्याच्या नामांतराची हकीकत सांगताना वापरावा, कारण तेथे तो सांगणारे आणि नाकारणारे दोन्ही पक्ष आपल्याला नावानिशी दाखवता येतात.