स्वस्त सांगितला की हापूस खोटा वाटतो का?

प्रश्न: रत्नागिरीजवळ आमची दीडशे कलमं आहेत. यंदा पुण्यात स्टॉल लावला. डझनाला आठशे सांगितले, तर लोक "एवढा स्वस्त? कर्नाटकचा असणार" म्हणत पुढे जायचे. दुसऱ्या दिवशी तोच आंबा बाराशेला लावला, दुपारपर्यंत संपला! पैसे मिळाले, पण जिवाला लागलं. असं का होतं?

उत्तर १: सालीवरून आतलं कळत नाही, मग गिऱ्हाईक भावावरून दर्जा ठरवतं. २०१८ मध्ये कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन (GI) मिळालंय, म्हणजे माल ठरावीक भागातलाच असल्याची अधिकृत ओळख. त्यात तुमची नोंदणी झालीय का?

उत्तर २: दादा, आधी फोड कापून हातावर ठेवा. भाव नंतर सांगा.

प्रश्नकर्ता: नोंदणी राहिलीय, करतो. शनिवारी फोडी ठेवल्या. एक आजी चाखून म्हणाल्या, "हा आमच्या पावस गावचा वास." दोन डझन घेतले, भाव विचारलाच नाही. त्यांना मी आठशेनेच दिले.