मधुमेहात तळपायांची आग आणि बी-१२च्या गोळ्या : मदत हवी आहे

नमस्कार.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, ६८ वर्षांचे असून देवगड तालुक्यातील आमच्या गावी राहतात आणि अजूनही कलमांची बाग स्वतः पाहतात. मधुमेहाला १४ वर्षे झाली. साखर कमी करणारे मेटफॉर्मिन पहिल्यापासून चालू आहे; गेली ८ वर्षे १ ग्रॅमची गोळी ते सकाळ-संध्याकाळ घेतात. मागच्या पावसाळ्यापासून त्यांच्या तळपायांची आग होते, बोटांना मुंग्या येतात आणि रात्री हा त्रास इतका वाढतो की पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. मग ते खोबरेल चोळलेले पाय गार भिंतीला टेकवून पडून राहतात. खाटेपाशी चुन्यावर त्या तेलाचे दोन डाग पडले आहेत.

मला आगीपेक्षा बधिरपणाची धास्ती अधिक वाटते. गेल्या महिन्यात सड्यावरून येताना त्यांच्या एका पायातली चप्पल वाटेतच निसटली, आणि पडवीत पाय धुवायला बसेपर्यंत त्यांना ते कळले नाही. टाचेत रुतलेला काटाही आईलाच दिसला.

तालुक्याच्या डॉक्टरांनी रात्रीसाठी प्रीगॅबॅलिन (नसांच्या वेदनांवरचे औषध) आणि मिथाइलकोबालामिन (हे बी-१२ जीवनसत्त्वाचेच एक रूप) एकत्र असलेली गोळी दिली. तिने झोप लागते, परंतु सकाळी डोके जड राहते आणि तोल जातो. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी नसांसाठी म्हणून एक कॅप्सूल वाढवली, आणि शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून अण्णांनी बी-कॉम्प्लेक्सही आणून ठेवले. या सगळ्यात रक्तातील बी-१२ मात्र एकदाही तपासलेले नाही. मी विचारले तेव्हा, रोज मासे खाणाऱ्या माणसाला बी-१२ कमी पडत नाही, असे उत्तर मिळाले.

हे उत्तर मला अर्धवट वाटते. बांगडा, तारली, तिसऱ्या यांत बी-१२ भरपूर असते हे खरे, आणि सोमवार व संकष्टी सोडली तर आमच्याकडे मासळीवाचून जेवण होत नाही. परंतु मेटफॉर्मिनमुळे लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बी-१२ शोषले जाण्यातच अडथळा येतो, आणि मात्रा जितकी मोठी व काळ जितका लांब तितका हा धोका वाढतो. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने तर जून २०२२ मध्ये बी-१२ची कमतरता हा मेटफॉर्मिनचा नेहमी आढळणारा दुष्परिणाम असल्याचे जाहीर केले. त्यात अण्णा आम्लपित्तासाठी वर्षानुवर्षे पँटोप्राझोल घेतात, आणि जठरातील आम्ल कमी झाले की अन्नातील बी-१२ नीट सुटे होत नाही. या कमतरतेनेही पायांना मुंग्या आणि बधिरपणा येतो, त्यामुळे सगळा दोष साखरेवर टाकला की कमतरता तशीच राहून जाते. उलट कमतरता नसेल, तर नुसत्या जीवनसत्त्वाने मधुमेहातील नसांच्या वेदना कमी होतात याला पुरावा तोकडा आहे. म्हणजे आधी तपासणी हवी होती, असे माझे मत झाले आहे.

दुसरी काळजी बी-६ची. परवा गावी गेले असता पाकिटे उलटून बारीक अक्षरे वाचली, तेव्हा कॅप्सूल आणि बी-कॉम्प्लेक्स या दोहोंतही पायरीडॉक्सिन, म्हणजे बी-६, निघाले. ते दीर्घकाळ जास्त प्रमाणात घेतले तर त्यानेच नसांना इजा होऊन पाय बधीर होतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये त्याची रोजची कमाल मर्यादा १२ मिलिग्रॅमवर आणली. कॅप्सूलमध्ये फॉलिक ॲसिडही आहे, आणि त्याने रक्तक्षय सुधारून बी-१२ची कमतरता झाकली जाऊ शकते.

जाणकारांना विचारायचे आहे ते असे. गोळ्या चालू असताना रक्तातील बी-१२चा आकडा वाढलेलाच दिसणार. मग तपासणीपूर्वी त्या किती दिवस थांबवाव्या लागतात, की बी-१२ कमी पडल्यावर रक्तात वाढणारे होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलोनिक आम्ल तपासणे बरे? कणकवली किंवा रत्नागिरीत या तपासण्यांसाठी नमुना घेतात का? शोषणातच अडचण असेल तर गोळ्यांऐवजी इंजेक्शने घेतलेल्या कोणाला फरक पडला का, आणि किती महिन्यांनी? नायलॉनचा धागा टेकवून पायाची संवेदना तपासतात ती चाचणीही अण्णांची झालेली नाही. ती सिंधुदुर्गात कोठे होते?

मेटफॉर्मिन किंवा प्रीगॅबॅलिन आम्ही आपल्या मनाने बंद करणार नाही. अण्णा येत्या गुरुवारी पुन्हा दाखवायला जाणार आहेत, आणि सगळी पाकिटे पिशवीत घालून सोबत न्यायला मी आईला सांगितले आहे. त्याआधी कोणी लिहिले तर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मी तिला फोनवरून उतरवून देईन.